वायरीजवळचा कोपरा

योगेश्वरीनं स्लॅबवर उकिडवं बसून शेवटचा स्क्रू काढला आणि वहीएवढी काच अलगद सुटी केली. मे महिन्यात लावली तेव्हा ती तव्यासारखी काळी होती. आता अर्ध्याहून जास्त पिवळी पडली होती आणि तो पिवळेपणा सुरू झाला होता वायर बाहेर पडते त्या कोपऱ्यातून. दुसरीकडं कुठंही नाही.

"झालं काय वं?" खालून मुन्नीबाईनं, तिच्या काकीनं, विचारलं.

"झालं, काकी. उतरूनच राहिलो."

सौंदडच्या काकीच्या या घरावर चाचणीसाठी ही सौरकाच लावायचं योगेश्वरीनंच सुचवलं होतं. नागपूरच्या प्रयोगशाळेत ती पेरोव्हस्काइटवर काम करायची. या पदार्थाचा पातळ थर उन्हापासून स्वस्तात वीज करतो, पण दमट हवेपुढं त्याचं काही चालत नाही. बाष्प आत शिरलं की स्फटिक मोडतात, मागे शिशाचा पिवळा क्षार उरतो आणि वीज बंद. म्हणून काच कोरड्या पेटीतच सील करायची असते. तिनं तशी केलीही होती. पण इथं वायर हातभर कमी पडली. परत नागपूरला कोण जाणार? आभाळ भरून आलेलं असताना तिनं याच स्लॅबवर कोपरा उकरला, वायर वाढवली आणि सडक अर्जुनीच्या दुकानातल्या साध्या गोंदानं भोक बुजवून टाकलं. हे चुकतंय, हे तिला तेव्हाही चांगलं कळत होतं.

श्रावणात प्रयोगशाळेतले सर पाहणीला आले. तिचा करार दिवाळीत संपत होता आणि तो वाढवायचा की नाही, हे त्यांच्याच हातात होतं. काच पाहून त्यांनी एवढंच विचारलं,

"पाणी आत शिरलं कसं?"

योगेश्वरीनं वायरीजवळच्या कोपऱ्याकडं पाहिलं. तेवढ्यात मुन्नीबाई पदर सावरत पुढं झाली.

"मीच टाकलो जी, लोटाभर पाणी. नवीन वस्तू घरी आली तं पूजा करतात आमच्यात."

सर हसले. अहवालात कारण आलं, स्थानिक पूजेतलं पाणी. ते योगेश्वरीनं स्वतःच्या हातानं टाइप केलं. इकडं पानठेलेवाल्या भुवनेश्वरनं काकीचं नवं बारसंच करून टाकलं, 'सूर्याले आंघोळ घालणारी'. काकी नळावर गेली की बाया तोंडाला पदर लावायच्या. हे फोनवर ऐकलं त्या दिवसापासून योगेश्वरीला घास गोड लागेना. लाज वाटायची, आणि आपण गप्प बसतो याची आणखी वाटायची. शेवटी काल तिनं सरांना पत्र पाठवलं.

ती खाली आली. काकी अंगणात तांदूळ पाखडत होती.

"काकी, तुह्या पाण्यानं नाई बिघडली काच. भोक मीच नीट बुजवलो नाई. मले तवाच मालूम होतं. साहेबाले लिहून पाठवलो काल."

बोलणी खायची तिची तयारी होती. खरं सांगायचं तर थोड्या शाबासकीचीही आशा होती.

सूप थांबलं.

"कायले लिवलीस? कामावरून काढून देतील तं?"

"देऊ दे. लोक तुले हसतात ना."

"हसू दे. मले कोण कामावरून काढते?" काकीनं सुपातला खडा वेचून फेकला. "अन् पाणी मी कुठं टाकलो?"

योगेश्वरी तिच्यासमोर खाली बसली.

"तूच सांगून गेली होतीस ना, थेंब लागू देऊ नका म्हणून. मी दुरूनच कोरड्या अक्षता टाकलो अन् उतरलो. साहेब विचारून राहिले, अन् तू अशी पांढरीफट्ट उभी. म्हटलं, माह्यं काय जाते?"

सूप पुन्हा वाजू लागलं. योगेश्वरीची मान खाली गेली ती वर येईना. कालचं पत्र तिनं सात वेळा वाचून पाठवलं होतं. चूक कबूल करतानाही पहिलं वाक्य तेवढं तिनं जपून ठेवलं होतं, 'काकूंनी काचेवर पाणी ओतलं हे खरंच आहे, तरीही...'