मास्कची गळती

बॉयलरवरचा फिटर दाबमापकासमोर उभ्या उभ्या पेंगला, तेव्हा कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला सरळ गोदामाच्या खिडकीवर बसवलं. तपासणीत निघालं की झोपेत त्याचा श्वास अडतो. महिनाभर मास्कमधून हवेचा दाब देणारं मशीन लावून झोपायचं, श्वास नीट चालतो अशी मशीनमधली नोंद दाखवायची, मग बॉयलर. नाहीतर कायमचं गोदाम. बावीस वर्षं वाफेशी खेळलेल्या माणसाला नट-बोल्ट काढून देत बसणं म्हणजे जिवंतपणी अडगळीत जाणं होतं.

स्लीप सेंटरमधल्या तंत्रज्ञ बाईंनी त्याला तीन मशीनं समजावली होती. एक रात्रभर एकच दाब देणारं, दुसरं गरजेप्रमाणे दाब कमीजास्त करणारं, तिसरं श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारं. फिटरचा डोळा तिसऱ्यावर गेला. पण त्याचा श्वास उताणं झोपल्यावर जास्त अडायचा, कुशीवर कमी. त्याला मधलंच पुरे, असं बाईंनी सांगितलं. ते त्याला पटलं. गरजेएवढाच दाब, हे तर त्याच्याच धंद्यातलं शहाणपण.

पहिल्याच आठवड्यात नोंद बिघडली. हवेची गळती लाल, श्वास अजून अडतोच आहे. बाईंनी त्याच्या नाकावरचे वळ पाहिले आणि मास्कचे पट्टे किती आवळता, असं विचारलं.

"हवा गळली की अर्धं बोट आणखी," तो म्हणाला.

"रोज अर्धं बोट," सोबत आलेली बायको म्हणाली. "लांब पाना तेवढा लावायचा राहिलाय."

बाईंनी त्याला तिथल्याच खाटेवर आडवं केलं, मशीन सुरू केलं आणि पट्टे चक्क ढिले केले. मास्कची मऊ कड हवेने फुगली, चेहऱ्यावर आपसूक बसली. फुसफुस थांबली.

त्याने मास्क काढला. "सांध्यातलं गॅस्केट जास्त आवळून चेपावं, तसं करत होतो मी. याच चुकीसाठी कितीजणांना झापलंय."

"मग आता स्वतःला झापा," बायको म्हणाली. "मी थकले."

उरलेले तीन आठवडे त्याने पट्ट्यांना हात लावला नाही. गळतीचा लाल रंग गेला, श्वास सुरळीत झाला आणि डॉक्टरांनी कागदावर सही केली. बॉयलरकडे निघताना तो गोदामाच्या खिडकीशी थांबला. गोदामवाल्याने सवयीने सगळ्यात लांब पाना पुढे केला.

"तो ठेव," फिटर म्हणाला. "लहान दे."