तीन पायऱ्यांचा घाट

प्रत्येक सोसायटीत एक विषय असा असतोच, की जो सभेत निघाला की लगेच 'पुढच्या सभेत बघू' म्हणून ढकलला जातो. मुलुंडच्या स्नेहांगण सोसायटीत तो विषय होता रॅम्पचा. लिफ्टपर्यंत पोचायला तीन पायऱ्या होत्या. चौथ्या मजल्यावरच्या प्रेमाबाई गायकवाड, निवृत्त शिक्षिका, पक्षाघातानंतर व्हीलचेअरवर होत्या. रोज संध्याकाळी त्या लिफ्टने खाली येत, पायऱ्यांच्या काठावर थांबत, रस्ता बघत आणि परत वर जात.

"बाई, तुमचा अर्ज माझ्या लक्षात आहे हो," सेक्रेटरी विद्याधर पेडणेकर म्हणत. "पण रॅम्प केला तर दोन स्कूटरची जागा जाते ना!"

त्यातली एक स्कूटर त्यांचीच होती, एवढं मात्र ते सांगत नसत.

असे हे विद्याधर चोपन्नाव्या वर्षी सायकलवर बसले. एक संस्था गरजूंना व्हीलचेअर वाटणार होती. तिच्या मदतीसाठी वीस जणांची मुलुंड ते नाशिक सायकलफेरी निघाली होती.

"अहो, खालून भाजी आणा म्हटलं तर तुमचे गुडघे दुखतात!" बायको माधुरी म्हणाली.

"समाजकार्यात गुडघे आड येत नाहीत, माधुरी."

गुडघे कसारा घाटात आड आले. विद्याधरांनी जवळजवळ अख्खा घाट सायकल ढकलत पार केला. फोटोग्राफर दिसला की तेवढ्यापुरते चढून बसत. माथ्यावर पोचल्यावर सेल्फीसाठी थांबले, दोन बोटं वर केली आणि उभ्या सायकलवरून धाडकन पडले! घोट्याचं हाड मोडलं. संस्थेने वाटपासाठी आणलेल्या व्हीलचेअरपैकी पहिली त्यांनाच वापरायला दिली आणि टेम्पोने घरी पाठवलं.

सोसायटीत त्या तीन पायऱ्या होत्याच. वॉचमन शिवदास आणि शेजारचा चैतन्य उचलायला आले.

"साहेब, वजन किती?"

"ब्याऐंशी."

"खुर्चीसकट ना?"

"खुर्चीशिवाय रे!"

पहिल्याच पायरीवर खुर्ची कलंडली. "सोडू नका रे! वाट लागली माझी!" विद्याधर ओरडले. दोघांनी घाबरून त्यांना परत खाली ठेवलं. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि प्रेमाबाई पायऱ्यांच्या काठाशी आल्या. वर एक खुर्ची, खाली एक खुर्ची.

"या की वर. घाट चढून आलेला माणूस तुम्ही, तीन पायऱ्यांचं काय!"

चैतन्य फिस्सकन हसला. विद्याधर लालबुंद झाले. "टिंगल नको बाई! मला बाथरूमला जायचंय!"

प्रेमाबाईंचं हसू मावळलं. "मलाही जायचं असतं हो. बाथरूमला नाही, बाहेर. समोरच्या हॉलमध्ये माझ्या भाचीचं लग्न झालं. सनई मी इथे बसून ऐकली. उचलून न्यायला चार जण तयार होते. पण दर वेळी कुणी उचलायची वाट बघायची, म्हणजे मी माणूस की कपाट? व्हीलचेअर वाटायला निघालात, चांगलंच केलंत. पण विद्याधर, त्या चाकांना रस्ता कोण देणार?"

विद्याधरांना आता कुठे उमगलं. वर्षभर ही बाई इथे येऊन परत जात होती आणि आपण तिला स्कूटरचा हिशेब सांगत होतो! शरमेने त्यांची मान खाली गेली.

शेवटी आणखी दोघांना बोलावून चौघांनी खुर्ची उलटी ओढत त्यांना वर नेलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपल्या घरी कमिटीची सभा बोलावली.

"पेडणेकर, तुमचा पाय महिन्याभरात बरा होईल. मग रॅम्प कशाला?" खजिनदार राजेशने विचारलं.

"माझा होईल रे! बाईंचं काय? आणि जागा जाणार त्यातली एक माझ्याच स्कूटरची आहे. आधी बोललो नाही, ती माझी चूक!"

तीन आठवड्यांत रॅम्प झाला. प्रेमाबाई उतरू लागल्या, तेव्हा शिवदास मदतीला धावला.

"हात लावू नकोस," त्या म्हणाल्या आणि एकट्या रस्त्याला लागल्या. दीड तासाने परतल्या, तेव्हा मांडीवर ताजे बांगडे भरलेली पिशवी होती, आणि मासळीवाली किती लबाड आहे हे त्यांनी भेटेल त्याला अगदी आनंदाने सांगितलं!

मंडळी, चांगल्या कामासाठी नाशिकच काय, दिल्लीपर्यंत सायकल चालवा. पण निघण्याआधी एकदा बघून घ्या, आपल्याच दारातून कुणाला बाहेर पडता येत नाही ते. पुण्यकर्माची पहिली वाट तिथूनच सुरू होते.