थोरल्याचा भांग

"आधी स्वतःच्या डोक्याला लावून बघा मालक, मग गिऱ्हाइकाला लावा," असं म्हणत सेल्समननं पोमेडची चपटी डबी आरशाखालच्या फळीवर ठेवली आणि झाकण उघडलं. "वादळ येऊ दे. माणूस उडेल, पण केस जागचा हलणार नाही."

"माणूसच उडाल्यावर केस सांभाळून करायचं काय?" धाकटा म्हणाला.

सेल्समन मोठ्यांदा हसला. हसणं हा त्याच्या नोकरीचाच भाग होता. नमुन्याची डबी तिथेच सोडून तो पुढच्या दुकानाकडे वळला.

सलूनमध्ये खुर्च्या दोन होत्या, कारण एके काळी कापणारे भाऊ दोन होते. थोरला गेला, तरी गिऱ्हाइकांच्या तोंडी हा धाकटा तो धाकटाच राहिला. थोरल्याची खुर्ची दाराजवळची. ती रोज पुसली जायची, पण तिच्यावर कुणाला बसवलं जात नसे. नवखा कुणी टेकायला गेलाच, तर "इकडे या साहेब, इकडे वारा चांगला," म्हणत धाकटा त्याला आतल्या खुर्चीकडे वळवायचा.

दोघं भाऊ तोंडावळ्यानं इतके सारखे, की सकाळी एकाकडून दाढी करून गेलेला माणूस दुपारी येऊन दुसऱ्याला झापायचा, "कानाजवळ राहिलीय बघा तुमची!" ओळखायची खूण एकच. थोरल्याचा भांग डावीकडे, धाकट्याचा उजवीकडे. यात हौसमौज काही नव्हती. धाकट्याच्या टाळूवरचा भोवरा आडमुठा होता. डावीकडे भांग पाडला की जरा वेळात केस उठून उभे राहायचे. आईनं तेल थापून पाहिलं, थोरल्यानं पाणी मारून पाहिलं. शेवटी थोरलाच म्हणाला, "राहू दे गं. निदान कुणाला बडवायचं ते तरी तुला कळेल."

दुपार झाली होती. रस्ता पेंगत होता. गिऱ्हाइकाचा पत्ता नव्हता. धाकट्यानं नखानं थोडं पोमेड खरवडलं. मेणासारखं कडक होतं. तळव्यांवर चोळल्यावर ते हळूहळू नरम झालं. आता याची परीक्षा घ्यायची, तर सगळ्यात हट्टी केसांवर घ्यायला हवी, आणि आपल्या टाळूइतकी हट्टी जागा उभ्या गावात नाही, हे त्याला ठाऊक होतं. आतल्या आरशाला उजेड कमी. तो दाराजवळच्या खुर्चीत बसला. आपण कुठे बसलोय हे बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, पण हात बरबटलेले होते, तेव्हा तो तसाच बसून राहिला.

त्यानं केसांना पोमेड लावलं, डावीकडे भांग पाडला आणि कंगव्यानं केस दाबून बसवले. भोवऱ्यावर बोट ठेवून काढलं. केस उठले नाहीत. मान झटकली, तरी नाहीत. "च्यायला, खरंच की," असं म्हणून त्यानं कौतुकानं आरशात नीट पाहिलं.

आरशात थोरला बसला होता.

धाकटा हलला तसा थोरलाही हलला. आयुष्यभर दोघं शेजारी उभे राहून, गिऱ्हाइकांच्या डोक्यांवरून, आरशातूनच एकमेकांशी बोलत आले होते. थोरला दिसायचा तो असाच, याच काचेत. "काय रे?" असं धाकट्याच्या तोंडून निघून गेलं, आणि तेच शब्द थोरल्याच्या ओठांवर हलताना त्यानं पाहिले. उठून पळावंसं वाटलं, आणि उठलो तर हा जाईल म्हणून उठवेना.

"डबा ठेव..."

दारात वहिनी होती. धाकट्याची बायको शिवणाच्या कारखान्यात कामाला, म्हणून दुपारचा डबा वहिनी आणायची. जमिनीकडे बघत "डबा ठेवलाय" म्हणायची आणि आल्या पावली परत जायची. थोरला गेल्यापासून तिनं धाकट्याच्या तोंडाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. एकाच घरात, एकाच ताटाळ्यातली भांडी वापरून ही तऱ्हा. तो गेला आणि हा उरला, हे तिला सलत असणार, अशी धाकट्यानं मनाची समजूत घातली होती. ती समजूत त्याला रोज थोडी थोडी खात होती.

आज ती त्याच्याकडे बघत होती. एकटक.

धाकटा ओशाळला. केस विस्कटायला त्याचा हात वर गेला.

"नका! मोडू नका," ती म्हणाली.

"वहिनी, तसं काही नाही हो. हे नवीन पोमेड आलंय, म्हटलं लावून बघावं..."

"बसा भाऊजी." ती आत आली. डबा तिनं छातीशी धरला होता. "त्या दिवशी यांचे केस तुम्हीच विंचरलेत ना?"

"मीच. दुसऱ्या कुणाला हात नाही लावू दिला."

"भांग कुठे पाडलात?"

"डावीकडे. त्याचा डावीकडेच तर..." बोलता बोलता त्याचा हात हवेत उठला आणि तिथेच थांबला. कापणारा नेहमी गिऱ्हाइकाच्या मागे उभा असतो. त्याचं डावं ते गिऱ्हाइकाचंही डावं. समोरून भांग पाडायची वेळ त्याच्यावर येतच नाही. त्या दिवशी मात्र थोरल्याला घरात जमिनीवर निजवलं होतं, डोकं भिंतीशी. मागे उभं राहायला जागा नव्हती आणि समोर आरसा नव्हता. धाकटा त्याच्याकडे तोंड करून गुडघ्यांवर बसला होता, डोळे भरलेले, आणि हात सवयीनं आपल्या डावीकडे गेला होता.

"उजवीकडे पडला," वहिनी म्हणाली. "तोंड बघायला म्हणून मी वाकले, तर तिथे तुम्ही निजलेले. हे नाहीतच! वर बघितलं, तर तुम्ही रडत उभे. मला काही सुधरेना. तेव्हापासून तुमच्याकडे बघितलं की तेच डोळ्यांपुढे येतं. राग नव्हता हो भाऊजी. भीती वाटायची."

"अहो, मग तेव्हाच बोलायचं होतंत!"

"काय बोलणार? लोक म्हणाले असते, नवरा गेला आणि हिला भांगाचं पडलंय. आणि तुम्ही इतक्या मायेनं विंचरत होतात..." तिचा आवाज फुटला. "यांना मी शेवटचं बघितलंच नाही."

गावाची डोकी सरळ करणारा हात सख्ख्या भावाच्या डोक्यावर चुकला होता. थोरल्याला धाकट्यानं स्वतःचं तोंड देऊन वाटेला लावलं होतं, आणि या बाईचा नवरा तिच्या डोळ्यांदेखत हरवला होता. त्याला स्वतःच्या हाताची शिसारी आली.

"थोडा वेळ डोळे मिटाल?" तिनं अगदी हळू विचारलं.

त्याला समजलं. खुर्चीची पाठ त्यानं मागे कलती केली. पांढरं कापड हनुवटीपर्यंत ओढून घेतलं, हात आत घेतले आणि डोळे मिटले. छाती हलू नये म्हणून तो अगदी उथळ श्वास घेऊ लागला.

वहिनी जवळ आल्याचं त्याला जाणवलं. तिनं कुठेही स्पर्श केला नाही. ती नुसती बघत होती. रस्त्यावरून एक सायकल गेली. कुणीतरी लांबून कुणाला तरी हाक मारली. मग ती रडली, तोंड दाबून, पुष्कळ वेळ. धाकट्याच्या पापण्यांखाली पाणी साचलं, पण त्यानं ते बाहेर येऊ दिलं नाही. निजलेल्यानं रडून चालणार नव्हतं.

शेवटी तिनं पदरानं नाक पुसलं. रोज सकाळी थोरला दुकानाला निघाला की ती दारातून म्हणायची, त्याच आवाजात म्हणाली, "अहो, या हं."

धाकट्याच्या ओठांपर्यंत 'येतो' आलं होतं. त्यानं ते गिळलं. तो शब्द त्याच्याकडे मागितलेला नव्हता.

चपला वाजल्या. दारातून कुणी गिऱ्हाईक आत डोकावलं आणि म्हणालं, "काय मालक, झोपलात की काय?"

वहिनीची पावलं कोपऱ्यावरून वळून ऐकू येईनाशी होईपर्यंत धाकटा तसाच पडून राहिला.