पुसलेला चेहरा

मुक्तानं टर्पेंटाइनमध्ये बुडवलेली चिंधी कॅनव्हासवर फिरवली आणि नुकतंच रंगवलेलं नाक पुसून टाकलं.

"फिर से?" शरच्चंद्र सर मागून म्हणाले. "अहो, चांगलं आलं होतं की नाक."

"चांगलं होतं सर. पण या बाईचं नव्हतं."

ईझलशेजारी एका जुन्या डच व्यक्तिचित्राची छापील प्रत लावली होती. पांढऱ्या कॉलरची, फिकट, अनोळखी बाई. सरांच्या फ्रीगंज भागातल्या वर्गात तैलरंग असेच शिकवत: जुनं चित्र समोर ठेवायचं, आधी तपकिरी छाया, मग त्वचेचे पातळ थर. मुक्ता मापं नीट घ्यायची. तरीही थर चढू लागले की ओठ भरायचे, भुवया जवळ यायच्या आणि कॅनव्हासवरून तिची मोठी बहीण इशिताताई बघू लागायची.

ताईनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हा मुक्तानं बाबांची बाजू घेतली होती. ताई तासाभरावर देवासला राहायची, पण त्यानंतर दोघी बोलल्या नव्हत्या.

आठवडाभर मुक्ता तो चेहरा पुसत राहिली. शनिवारी तिनं डोळे पुसले. रंग निघाला, नजर निघेना.

ती जिन्यात आली. नंबर अजून पाठ होता.

"ताई, मी मुक्ता."



"बरी आहेस ना?"

"चेहऱ्याची आग होतेय गं," ताई म्हणाली. "आठवडा झाला. डॉक्टर म्हणतात, कुछ नहीं है. आणि घरभर रॉकेलसारखा वास. ह्यांना येत नाही, मलाच येतो."

मुक्तानं बोटं नाकाशी नेली; टर्पेंटाइनचा तोच वास.

"मी येतेय," ती म्हणाली.

देवास गेटच्या बसस्टँडवरून देवासची मिळाली ती बस तिनं पकडली. हात धुवायचंही तिला सुचलं नव्हतं.

ताईनं दार उघडलं. तिचे गाल घासल्यासारखे लाल झाले होते. तिनं ताईच्या गालाला हात लावला. ताई शहारली, पण मागे सरली नाही.

"चल आत."

चित्रकलेच्या वर्गाबद्दल मुक्तानं तिला अवाक्षरही सांगितलं नव्हतं. ताईनं खुर्ची खिडकीपाशी ओढली, बसली, पदर सारखा केला आणि मान किंचित वळवून स्थिर झाली.

"कर सुरू," ती म्हणाली. "आणि आता पुसू नकोस."