हेमलताबाईंची दुखणी

चाकणच्या गाडीवरून स्वरूपाचं नाव काढलं होतं, आणि ही गोष्ट यार्डातल्या पंक्चरवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना तिच्या आधी कळली होती.

"उद्यापासून तू लोकलला," गुलाबराव म्हणाले. "बल्लभगढचा कारखाना ते पलवलचं गोदाम. संध्याकाळी आपल्या घरी. बिल्कुल आराम."

गुलाबराव फरीदाबादचे जुने ट्रान्सपोर्टवाले. फोन टेबलावर ठेवायचा, स्पीकर लावायचा आणि तरीही ओरडून बोलायचं, ही त्यांची पद्धत. पण आत्ता त्यांचा आवाज नको तितका मऊ झाला होता.

"मी लोकल मागितली नव्हती," स्वरूपा म्हणाली.

"माहीत आहे, बेटा. वडिलांचा फोन आला होता तुझ्या. आईच्या हार्टचं सांगत होते. अशा वेळी पोरीला लाँग रूटला कसं पाठवू मी?"

"माझ्या आईला हार्टचं काहीही नाहीये!"

"हेही सांगितलं त्यांनी. मुलीला अजून बोललेलो नाही, घाबरेल, असं म्हणाले." गुलाबरावांनी मान हलवली. "मोठे सज्जन आहेत."

स्वरूपाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं बोलणं एक वेळ परवडलं, पण ती खरं बोलेल याची तजवीजसुद्धा बाबांनी आधीच करून ठेवली होती. आता ती जितकं ओरडून सांगेल, तितकी बिचारी दिसेल.

वर्षभराची मेहनत होती तिची. हेवी लायसन्स हातात पडल्यावर तिने कंपन्या निवडायला घेतल्या, तेव्हा तिच्यापुढे तीन दरवाजे होते. गुडगावच्या मोठ्या कंपनीत एसी वर्ग होता, गणवेश होता आणि स्टिअरिंगसमोर बसवून खेळायला एक स्क्रीन होता. तिथल्या मॅडमनी तिला पहिल्याच दिवशी कॅमेऱ्यापुढे उभं केलं. आधी निवडलेल्या मुली कुठल्या रूटवर आहेत, असं स्वरूपाने विचारलं, तर त्या गोड हसल्या आणि त्यांनी चहा मागवला. नोएडातली दुसरी कंपनी छोटा टेम्पो देत होती, घरोघरी पार्सलं पोचवायला. बाबांच्या मते हीच उत्तम, कारण संध्याकाळी घरी.

तिसरे गुलाबराव. गणवेश नाही, यार्डातला संडास देवाच्या भरवशावर. पण नव्या ड्रायव्हरला जुन्या माणसाबरोबर थेट फरीदाबाद ते चाकण पाठवायचं, रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंग त्याच्या हाती द्यायचं, घाटात काढून घ्यायचं, आणि अशा दोन-तीन फेऱ्या पुऱ्या झाल्याशिवाय स्वतंत्र गाडी द्यायची नाही, हा त्यांचा नियम होता. शिकाऊ माणूस असला की गाडी फक्त दिवसा चाले, मुक्काम कंपनीच्या डेपोत. बाकी सगळ्यांनी स्वरूपाला विचारलं होतं, घरचे काही म्हणत नाहीत का? गुलाबरावांनी विचारलं, "रिव्हर्स येतो का नीट?" त्याच क्षणी तिने ठरवून टाकलं होतं.

गाडी उद्या सकाळी निघणार होती. मारुती नावाचा जुना ड्रायव्हर तिला शिकवणार होता. ती नसेल तर तिच्या जागी दुसरा नवखा बसणार, आणि ती पलवलच्या गोदामात मागे-पुढे करत बसणार. एकदा लोकलला चिकटलेला माणूस लाँग रूटला गेल्याचं यार्डात कुणाला आठवत नव्हतं.

मेट्रोत बसायला जागा होती, तरी ती दिल्लीत आर. के. पुरमला उतरेपर्यंत उभीच राहिली. बसणं शक्यच नव्हतं.

घरी तिचे वडील, अविनाशराव, पेपरवर मटार सोलत बसले होते. दिल्लीतल्या केंद्रीय मंत्रालयात सगळी नोकरी करून ते निवृत्त झाले होते, आणि त्या नोकरीत त्यांनी एकच विद्या कमावली: आलेली बदली थांबवणं. दिल्लीबाहेरची ऑर्डर निघाली रे निघाली की अविनाशरावांचा अर्ज तयार. कॉलनीतले लोकही त्यांच्याकडे येत, "अविनाशजी, जरा एक रिप्रेझेंटेशन बना दीजिए" म्हणत, जाताना मिठाईचा डबा ठेवत.

"आलीस? अच्छा झालं. मटार भात करू या," ते म्हणाले.

"तुम्ही गुलाबरावांना फोन केलात?"

"हळू बोल. खालच्यांना ऐकू जातं." त्यांनी एक शेंग फोडली. "यात चिडण्यासारखं काय आहे? मी काय तुझी नोकरी घालवली? फक्त पोस्टिंग बदलून घेतलं. सहा महिने लोकल कर. मग बघू."

"बघू! तुमचं बघू म्हणजे नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आणि आईला आजारी पाडलंत तुम्ही!"

"अगं, मेडिकल ग्राउंड लागतंच. नुसतं नको म्हटलं तर कोण ऐकतं? मोठा माणूस असो नाहीतर ट्रान्सपोर्टवाला, आजारपणापुढे सगळे नरम पडतात." हे त्यांनी शिकवणी घेत असल्यासारखं सांगितलं. लाज कशी ती नाहीच.

तेवढ्यात दार उघडलं आणि दहा किलो आट्याची पिशवी घेऊन हेमलताबाई आत आल्या. तीन जिने चढून आल्या होत्या आणि साधा दमही लागला नव्हता. त्या दुसऱ्या एका केंद्रीय कार्यालयात होत्या. ऑफिसातून येताना बाजार करून येणं रोजचंच.

"आई, तुला हार्टचं काही आहे?" स्वरूपाने विचारलं.

हेमलताबाईंनी पिशवी ओट्यावर ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"या वेळी हार्ट का?" त्या म्हणाल्या.

अविनाशराव मटारात तोंड घालून बसले.

"या वेळी म्हणजे?" स्वरूपाला काही कळेना.

"गुवाहाटीच्या वेळी माझे गुडघे होते. चेन्नईला दमा. दमट हवा मानवत नाही म्हणून." हेमलताबाई हात धूत बोलत होत्या. "भोपाळच्या वेळी काय होतं हो? कंबर ना?"

"संसारासाठीच केलं ना, हेमा," अविनाशराव म्हणाले. "पोरीची शाळा होती."

"हो. आणि मला प्रमोशनवर नागपूर मिळालं, तेव्हा? तुमच्या फाइलीत मी अंथरुणाला खिळलेली. मी तिकडे एकटी जाऊन चार्ज घेतला असता, तर तुम्ही खोटे पडला असता. म्हणून मी लिहून दिलं, प्रमोशन नको." त्यांनी पदराला हात पुसले. "माझ्या मागच्या मुली आज माझ्या साहेब आहेत."

स्वरूपाला वाटलं होतं, आता आईच्या गळ्यात पडावं. प्रत्यक्षात तिला आईचाच संताप आला.

"आणि तू गप्प बसलीस? सही करून दिलीस? इतकी वर्षं मला वाटायचं, आईला दिल्ली आवडते!"

"ओरड," हेमलताबाई म्हणाल्या. "ओरड माझ्यावर. तेव्हा कुणी ओरडलं नाही. मीसुद्धा नाही."

मटार भात झाला, पण कुणी धड जेवलं नाही.

सकाळी स्वरूपा बॅग घेऊन निघाली तेव्हा अविनाशराव दाढी करत होते. "जाऊन भांड हवं तर," आरशातूनच ते म्हणाले. "ऑर्डर झालेली आहे." हेमलताबाई त्याआधीच डबा घेऊन ऑफिसला म्हणून बाहेर पडल्या होत्या. त्या मेट्रो स्टेशनच्या दाराशी उभ्या होत्या.

"चल," त्या म्हणाल्या. "मला एकदा माझा आजार बघायचाय."

कालकाजीला गाडी बदलून दोघी फरीदाबादला पोचल्या. यार्डात मारुती टायर ठोकून बघत होता, आणि शेजारी एक नवखा मुलगा स्वतःची बॅग घेऊन उभा होता. दोघी केबिनमध्ये शिरल्या. गुलाबराव "या, या" म्हणेपर्यंत टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी सवयीप्रमाणे स्पीकर दाबला.

"गुलाबराव, अविनाश बोलतोय. स्वरूपा तुमच्याकडे येतेय, भांडेल. तिचं काही मनावर घेऊ नका. आज पहाटे मिसेसला अ‍ॅडमिट करावं लागलं. मी हॉस्पिटलातूनच बोलतोय."

त्यांच्या मागे कुकरची शिट्टी झाली.

"अरेरे," गुलाबराव कळवळले. "काय म्हणतात डॉक्टर?"

स्वरूपाने तोंड उघडलं, पण आईने तिला हातानेच थांबवलं आणि ती टेबलावर वाकली.

"अहो, हेमलता बोलतेय. कुठल्या वॉर्डात आहे मी?"

गुलाबराव फोनकडे, मग समोरच्या बाईंकडे, मग परत फोनकडे बघत राहिले.

"नाही, सांगून ठेवा," हेमलताबाईंचा आवाज आता यार्डात ऐकू जात होता. "माझे गुडघे गेले, दमा झाला, कंबर गेली, नागपूर गेलं. माझं हृदय तेवढं राहिलं होतं, तेही तुम्ही काल देऊन टाकलंत. यापुढे माझ्या अंगातलं काहीही कुणाला सांगायचं नाही. कळलं? आणि गॅस बंद करा. भात करपेल."

दुसरी शिट्टी झाली आणि फोन बंद पडला.

गुलाबरावांचा चेहरा लालबुंद झाला होता. आपल्या मऊपणाचा कुणी फायदा घेतला, हे त्यांना फार झोंबलं होतं. ते दारात जाऊन गरजले, "मारुती! त्या पोराला पुढच्या फेरीला घे. आज ही जाणार. आणि हिच्या घरून फोन आला तर माझ्याकडे द्यायचा नाही!"

स्वरूपा गाडीपाशी आली तेव्हा तिचे हात रागाने थरथरत होते. बाबांना स्वतः फोन करून चार शब्द सुनवावेत, म्हणून तिने मोबाइल काढलाही. हेमलताबाईंनी तो तिच्या हातातून घेऊन तिच्याच बॅगेत टाकला.

"अशा हातांनी स्टिअरिंग धरणार?" त्या म्हणाल्या. "राग इथेच माझ्याकडे ठेवून जा. मला तो घरी लागणार आहे."

मारुतीने हॉर्न दिला. स्वरूपा वर चढून बसली, आणि हेमलताबाई मेट्रोच्या दिशेने चालू लागल्या.