छतावरची सहा भोकं

सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. टेलिफोनचे नंबर सहा आकड्यांवरून सात आकड्यांवर गेले, ते वर्ष. नवे नंबर पाठ करता करता सगळे मेटाकुटीला आले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस मिस्त्रींच्या घरगाडीत, पलंगाच्या बरोबर उशापाशी, पाणी टपकायला लागलं.

घरगाडी म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं घर. पुढे ड्रायव्हरची बैठक, मागे दोघांपुरता पलंग, मध्ये गॅसची शेगडी, वाडग्याएवढं बेसिन आणि भिंतीला दुमडून लावायचं टेबल. एक माणूस उठला की दुसऱ्याने पाय वर घ्यायचे. गाडी एकोणीस वर्षांची, आणि मिस्त्री बासष्टचे झाले तेव्हा ती त्यांच्या आयुष्यात आली.

चाळीस वर्षं बांधकामावर घालवल्यामुळे त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणायचे, अगदी बायकोसुद्धा. बायकोला सगळे मावशी म्हणायचे. ती रेनकोटच्या कारखान्यात एकतीस वर्षं होती आणि तिथल्या पोरींनी दिलेलं हे नाव इतकं चिकटलं, की मिस्त्रीही खुशीत असले म्हणजे तिला "मावशे" अशी हाक मारत.

गाडी घेण्याचा हट्ट मावशीचा होता. मिस्त्रींचे गुडघे गेले, काम सुटलं, राहतं घर विकून दोघं मुलीकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली. मुलगी चांगली, जावई त्याहून चांगला, कशात काही कमी नाही. पहिल्या आठवड्यात मिस्त्रींनी सगळ्या भिंतींवरून हात फिरवला आणि गिलावा कुठे कुठे वाकडा आहे ते सांगितलं. त्यानंतर त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. दवाखान्यात नंबर यायची वाट बघणाऱ्या माणसासारखे ते गुडघ्यांवर हात ठेवून खिडकीशी बसत. चहा दिला तर पीत, नाही दिला तर मागत नसत. असं एक वर्ष गेलं. एक दिवस मावशी त्यांना फिरायला म्हणून बाहेर घेऊन गेली, तर गावाबाहेरच्या गॅरेजच्या आवारात ही गाडी उभी. मिस्त्री तिच्याभोवती एक चक्कर मारून आले, दारावर टकटक केली आणि म्हणाले, "हिचं दार सरळ बसवता येईल."

वर्षभरात त्यांनी बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं. मावशीने त्याच दिवशी सौदा पक्का केला. मुलगी महिनाभर फुगून बसली.

पुढची दोन वर्षं सुखाची गेली. मिस्त्री दाराशी बोलत, बिजागऱ्यांशी बोलत, पेट्रोल पंपावरच्या अनोळखी माणसांशी तासतासभर बोलत. मावशी एकदा सहज म्हणाली, "पांघरुणांना ऊन कुठे द्यायचं हो इथे?" तर तिसऱ्या दिवशी छताच्या पुढच्या बाजूला चकचकीत नळीचा दांडा बसलेला. शिडीवरून पांघरुणं टाकायला एकदम सोयीचा. मावशीला मनातून इतकं बरं वाटलं, की "आधी विचारायचं तरी" एवढंच ती म्हणाली.

आणि मग हे पाणी. आधी एक पिवळा डाग, मग त्याला काळी किनार, मग ओल्या पोत्यासारखा वास, आणि त्यामागोमाग मिस्त्रींचा खोकला. मुलगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कामाला. ती आली, डागावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि म्हणाली, "बुरशी आहे ही. बाबा रोज रात्री ही छातीत ओढून घेतायत, कळतंय का तुला?"

"करतायत ना ते दुरुस्ती."

"आई, तीन आठवडे देते. तेवढ्यात हे कोरडं झालं नाही तर तुम्ही दोघं माझ्याकडे आणि गाडी भंगारात. बाबांना विचारणार नाहीये मी, तुला सांगतेय."

मावशी "बरं" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? खोकला खोटा नव्हता. पण खिडकीपाशी गुडघ्यांवर ठेवलेले ते हातही खोटे नव्हते. ओल्या गाडीत माणूस छातीने जाणार आणि कोरड्या खोलीत मनाने. दोन्हींतून वाचवायचं तर गाडीच कोरडी व्हायला हवी होती.

मिस्त्रींनी आपल्या पद्धतीने काम सुरू केलं. पाणी टपकत होतं त्याच्या बरोबर वर, छतावर, त्यांनी घट्ट लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, थर दिला. पाऊस आला, पाणी टपकलं. त्यांनी दुसरा थर दिला. पुन्हा टपकलं. तिसरा थर तर त्यांनी इतक्या मायेने घोटला की त्यात तोंड दिसावं. आता टपकण्याऐवजी धार लागली.

गाडी उभी होती ते आवार गॅरेजवाल्याचं. त्याच्या वरच्या खिशात सदा एक पाना खोचलेला असे, म्हणून त्याला सगळे पानावाला म्हणत. त्याच्याकडे ओल मोजायचं एक यंत्र होतं. दोन सुया लाकडात टोचायच्या की आकडा दिसे. पंधराच्या आत असलं तर लाकूड कोरडं; फोनवर मुलीशीही हाच आकडा ठरला. त्याने पलंगाच्या उशापाशी सुया टोचल्या. एकतीस.

"मिस्त्री, तुमचं म्हणजे आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी," पानावाला म्हणाला. "पाणी टपकतं इथे, पण शिरतं भलतीकडून. आतल्या पट्टीवरून वाहत येतं ते."

"मग दाखव ना कुठून शिरतं! पाना खिशात ठेवून अक्कल येत नाही."

"मला दिसलं असतं तर मी इथे कशाला राहिलो असतो? वेधशाळेत गेलो असतो."

दोन आठवडे असेच गेले. सकाळी भांडी घासताना मावशीच्या मनात आलं, की आपण एकतीस वर्षं पाणी कुठून शिरतं हेच शोधत होतो, आणि घरात गळायला लागलं तर परक्यासारख्या बघत बसलोय. कारखान्यात रेनकोट तपासायची रीत होती. बाह्या आणि गळा बांधायचा, पंपाने कोटात हवा भरायची आणि वरून साबणाचं पाणी फिरवायचं. जिथे शिवण कच्ची तिथे बुडबुडा. कोट कितीही नवा असो, बुडबुडा खोटं बोलत नाही.

"गाडीत हवा भरायची?" मिस्त्री म्हणाले. "अगं, ही काय सायकलची ट्यूब आहे?"

"तुम्ही तीन थर दिलेत, मी तोंड उघडलं का? आता माझा एक थर बघा."

पानावाल्याकडून धूळ उडवायचा मोठा ब्लोअर आणला. एका खिडकीला पुठ्ठा लावून त्यातून ब्लोअरचं हवा ओढायचं तोंड बाहेर काढलं, कडेने चिकटपट्टी मारली. झडपा, नळाचं भोक, दाराची फट, सगळं बंद केलं. मिस्त्री आत ब्लोअर धरून बसले आणि मावशी बादली आणि मोठा ब्रश घेऊन शिडीने वर चढली. पत्रा दबू नये म्हणून तिने आडवी फळी टाकली आणि तिच्यावर गुडघे टेकून मागच्या बाजूने सुरुवात केली. मिस्त्रींचे ते तीन थर, वरची काचेची खिडकी, पत्र्याचे सांधे. कुठे काही नाही. ती सरकत सरकत पुढे आली आणि पांघरुणांच्या दांड्यापाशी ब्रश फिरवला.

दांडा सहा स्क्रूंवर बसवलेला होता. सहाही ठिकाणी बुडबुडे उठले. एखाद-दुसरा नाही, दूध उतू जावं तसा फेस आला.

तिने बोटाने एका स्क्रूवरची लांबी खरवडून पाहिली. भिंतीत खुंटी बसवावी तसे मिस्त्रींनी स्क्रू बसवले होते. भोक पाडायचं, गुट्टी ठोकायची, स्क्रू पिळायचा आणि वरून लांबी थापायची. भिंतीत असलं काम माणसापेक्षा जास्त टिकतं. पण भिंत उभी असते आणि गाडी धावते. पहिल्याच खडबडीत रस्त्यावर लांबीला तडा गेला असणार आणि दोन वर्षं पाणी त्या सहा भोकांतून शिरून, आतल्या लाकडी पट्टीवरून वाहत मागे पलंगापर्यंत जात होतं. आवाराला मागे उतार होताच. जो माणूस जन्मभर दुसऱ्यांची छपरं गळायची थांबवत आला, त्याने बायकोच्या पांघरुणांना ऊन मिळावं म्हणून आपलंच छप्पर फोडलं होतं.

"सापडलं का गं?" खालून ब्लोअरच्या वर आवाज चढवत मिस्त्री ओरडले.

मावशीच्या तोंडावर आलं होतं, ते तिने गिळलं. हे ऐकून माणूस पुन्हा खिडकीशी जाऊन बसला तर? गुपचूप आपणच स्क्रू काढून भोकं बुजवली तर ताकास तूर लागणार नाही. पण दांडा का काढला, याला काय सांगायचं? आणि उद्या त्यांनी आणखी कुठे असंच भोक पाडलं तर?

कारखान्यात त्यालाही एक रीत होती. तपासणारी बाई सदोष कोटावर कधी बोलत नसे. ती कोट उलटा करून जिने शिवला तिच्या टेबलावर ठेवी आणि पुढे निघून जाई. चूक कुठे आहे ते जिने केली तिने शोधायचं. एकतीस वर्षांत त्या खोलीत कोणी कोणाला चारचौघांत "हे तुझं" म्हणालं नव्हतं.

मावशी शिडी उतरली. "मला वर काही धड दिसत नाही हो, चष्म्यावर पाणी उडतंय. तुम्ही जा. मी ब्लोअर धरते."

"माझे गुडघे?"

"गुडघ्यांना म्हणावं सावकाश या."

मिस्त्री कुरकुरत वर गेले. मावशीने आत ब्लोअर धरला. डोक्यावर फळी सरकल्याचा आवाज आला, ब्रश फिरल्याचा आला, मग पुढे, आणखी पुढे. मग काहीच आलं नाही. हात भरून आले तरी तिने ब्लोअर बंद केला नाही. तो बंद झाला असता तर वरची शांतता ऐकावी लागली असती.

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी पत्र्यावर तीनदा थाप पडली. तिने ब्लोअर बंद केला.

"इथे कोण्या गाढवाने सहा भोकं पाडलीत," वरून मिस्त्रींचा आवाज आला.

मावशीने आतूनच सांगितलं, "मग विचारा ना त्याला. वर तुमच्याजवळच बसला असेल."

आणि मग पत्रा हलायला लागला. मावशीला वाटलं खोकल्याची उबळ आली. ती धावत बाहेर गेली. मिस्त्री फळीवर बसून हसत होते. डोळे पुसत होते आणि हसत होते. "चाळीस वर्षं, मावशे! चाळीस वर्षं मी हाताखालच्या लोकांच्या टाळक्यात घातलं, की भोक पाडायच्या आधी पाणी कुठे जाईल ते बघा! जा, तो पेचकस दे आधी. आणि तुला दिसलं होतं ना?"

"मला काय दिसणार? चष्म्यावर पाणी होतं."

"हो, हो. पाणी होतं." त्यांनी पेचकस घेतला आणि वळून कामाला लागले.

दांडा निघाला. आतून छताचा तक्ता उघडला, तर प्लायवूड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं हातात आलं. मिस्त्रींनी ते धड लाकूड लागेपर्यंत कापून काढलं. पाच दिवस पंखा आणि हीटर लावून सांगाडा सुकवला, मग नवं प्लाय बसवलं. भोकं बुजवण्याचं काम मात्र मावशीचं. जागा पुसून, सुकवून, पुन्हा पुसून तिने रबरी चिकट पट्टी लावली आणि अंगठ्याने मधून कडेकडे दाबत गेली, म्हणजे आत हवा राहत नाही. कडेने मऊ सीलंट भरलं. मिस्त्री शेजारी बसून पट्टी कापून देत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते कोणाच्या हाताखाली काम करत होते आणि दर पट्टीला एक सूचना करत होते.

रविवारी मुलगी आली तेव्हा बाहेर पाऊस होता आणि पानावाला सुया टोचत होता. सगळ्यांनी आकड्यावर मान वाकवली. अठरा.

"पंधरा ठरलं होतं," मुलगी म्हणाली.

मिस्त्री बोलले. "अगं, ते राहू दे, आधी ऐक. पाणी टपकतंय कुठे, तर इथे. आणि शिरतंय कुठे? तुझ्या बापाच्या शहाणपणातून!" आणि त्यांनी सगळी हकिकत सुरुवातीपासून सांगायला घेतली. थर, ब्लोअर, फेस, गाढव. मध्ये दोनदा खोकले, पण थांबले नाहीत. मुलगी ऐकता ऐकता पलंगावर बसली. वर्षभर तिच्या खिडकीशी बसलेला माणूस तिनेही पाहिला होता. बराच वेळ ती बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग पानावाल्याला म्हणाली, "दर रविवारी मोजायचं आणि मला फोन करायचा. सात आकडी नंबर आहे, लिहून घ्या."

तिसऱ्या रविवारी आकडा चौदावर आला. खोकला वसंतापर्यंत रेंगाळला आणि गेला.

मिस्त्री त्यानंतर सहा वर्षं घरगाडीत राहिले. सहा भोकांची गोष्ट त्यांनी निदान शंभर जणांना सांगितली. गाढवाचं वाक्य येईपर्यंत मावशी चहा टाकायला उठलेली असे. शेवटचे चार महिने ते मुलीकडे तिसऱ्या मजल्यावर होते आणि घरी येणाऱ्या परिचारिकेला गिलाव्यातल्या चुका दाखवत गेले.

पानावाल्याने पुढे गाड्या गळतीसाठी तपासायचा धंदाच काढला. बाहेर पाटी लावली, "आधुनिक बुडबुडा पद्धत." मावशीचं नाव त्याने कुठेच घातलं नाही, पण पहिल्या वर्षी तिला एक नवा चष्मा करून दिला. मुलगी प्रयोगशाळेची प्रमुख झाली आणि आता निवृत्त आहे. कामावर तिने कोणाची चूक कधी चारचौघांत काढली नाही, असं तिथले लोक सांगतात. मावशी एकोणनव्वद वर्षांची आहे. ऐकू कमी येतं, बाकी ठणठणीत आहे. गाडी तिने एका शिक्षक जोडप्याला दिली. त्यांनी ती पुढे कोणाला दिली, हे तिला माहीत नाही.