कापलेला कोपरा

प्रोफेसरची जागा एकच होती आणि तिच्यावर डोळा ठेवून आम्ही दोघं होतो. मी, आणि शेजारच्या खोलीतला सावकाश. हे त्याचं खरं नाव नव्हे. एकेका स्लाइडवर तो इतका वेळ काढतो की विद्यार्थी त्याला सावकाश सर म्हणतात, आणि मी त्यातलं सर गाळते, कारण आम्ही एकाच बॅचचे. आमचं कामही एकच: ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठींचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघायचे आणि गाठ साधी की कॅन्सरची, ते लिहून द्यायचं. त्याचे दोन रिपोर्ट होईपर्यंत माझे पाच होतात. बढतीच्या फाइलीत हे मी ठळक अक्षरांत घातलं होतं.

मुलाखत गुरुवारी होती आणि माझ्या पायाला भिंगरी लागली होती. शोधनिबंध लावून झाले, दाखले लावून झाले, तरी फाइल उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. जेवता जेवता उठून मी प्रिंटरपाशी गेले तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, खुर्चीला काटे आहेत का? व्हायची ती होईल बढती." मला त्याचा असा राग आला! व्हायची ती होईल म्हणायला याचं काय जातं? गेल्या खेपेला मला डावललं, तेव्हा कॉलेजभर हसतमुखानं मीच फिरले होते आणि घरी येऊन भांडी आपटली होती. यंदा ती जागा मला हवी होती. अगदी हावरटासारखी हवी होती.

समितीपुढे एक छोटा पाठ घेऊन दाखवायचा होता. मी विषय निवडला थायरॉइडची साधी गाठ. मागच्याच आठवड्यात एक देखणी गाठ हाताखालून गेली होती: गोल गरगरीत, भोवती नीटस आवरण. अशी गाठ दिसली की शिकवणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. पेशंटच्या नातेवाइकांपुढे हे बोलू नये एवढंच. मंगळवारी सकाळी मी तिचे फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर काटछाट करायला बसले. एका फोटोचा डावा कोपरा गचाळ दिसत होता. तिथं आवरण जरा विस्कटलं होतं. मी तो कोपरा कापून टाकला. फोटो झकास झाला.

मग हात जागच्या जागी थांबला. या प्रकारच्या गाठीत सगळा निकाल आवरणावरच लागतो. पेशी ते फोडून बाहेर पडल्या असतील तर गाठ साधी नाही. हे मी दर वर्षी मुलांना घसा फोडून सांगते. मी कोपरा परत आणला, मग मूळ स्लाइड काढली आणि मायक्रोस्कोपखाली नेमकी तिथंच गेले. आवरणाला खिंडार होतं आणि पेशी त्यातून बाहेर आल्या होत्या. रिपोर्ट मात्र साधी गाठ म्हणून केव्हाच गेला होता, माझ्या सहीनं.

ज्यांनी ती गाठ काढली होती त्या सर्जनना मी फोन लावला. ते वयानं मोठे, आणि गुरुवारच्या समितीतही तेच बसणार होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"ती बाई आज टाके काढायला येतेय," ते म्हणाले. "पुढं काय करायचं ते ठरवू. पण मॅडम, तीन दिवसांनी काही आभाळ कोसळत नाही. शुक्रवारी रिपोर्ट सुधारा. मी काही ऐकलेलं नाही."

डॉक्टर म्हणून ते बरोबर होते. तीन दिवसांनी त्या गाठीच्या बाबतीत काहीही बिघडणार नव्हतं. फोन ठेवताना मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच मला शिसारी आली. मी व्हरांड्यात फेऱ्या मारू लागले. ती बाई आज टाके काढून घरी जाणार, घरच्यांना सुटले म्हणून सांगणार, आणि गुरुवारी मी समितीपुढे उभी राहून तिच्याच गाठीचं कौतुक करणार.

सुधारलेल्या रिपोर्टवर आमच्याकडे दुसऱ्या डॉक्टरची सही लागते. दुसरा डॉक्टर म्हणजे सावकाश. मी त्याच्या दारात गेले आणि स्लाइड पुढं केली. "बघ."

तो बघू लागला. मी खिडकीशी गेले, दाराशी आले, पुन्हा खिडकीशी गेले.

"अरे, दिसतंय की नाही?"

"दिसतंय. थांब."

"दिसतंय तर थांबायचं कशाला?"

"सगळी कड बघू दे." त्यानं सगळी कड बघितली. मग मान वर केली. "एकाच जागी फुटलंय. पण फुटलंय." त्यानं सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "मुलाखत झाल्यावर आणला असतास तरी मी सही केली असती."

"माहितीये. आत्ता फार चांगला वागू नकोस, मला झेपत नाही."

ओपीडीत ती बाई सर्जनच्या समोरच बसली होती. बस चालवायची ती. टाके निघाले होते आणि चेहरा मोकळा झाला होता. माझ्या हातातला कागद बघून सर्जननी सुस्कारा टाकला. "रिपोर्ट तुमचा आहे मॅडम, तुम्हीच सांगा."

आम्हाला पेशंटशी बोलायची सवय नसते. मी सांगितलं, अडखळत सांगितलं. कदाचित पुन्हा ऑपरेशन लागेल, पण हा आजार बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो, हे सर्जननी समजावलं. तेही तिनं ऐकून घेतलं.

"आधी साधी म्हणाले ते डॉक्टर कोण?"

"मीच."

"आणि आता नाही म्हणतात ते?"

"तेही मीच."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "राग मानू नका ताई. पण पुढच्या वेळी दुसऱ्या कुणी बघितलं तर चालेल का?"

सर्जन टेबलावरचे कागद उगीचच सारखे करू लागले.

"चालेल," मी म्हणाले. माझे कान तापले होते. "माझ्या शेजारच्या खोलीत एक डॉक्टर आहेत. आजही मी त्यांनाच दाखवून आले. ते वेळ घेतात, पण त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही."

"ते तुमच्या वरचे का?"

सर्जनचे हात थांबले.

"अजून नाही," मी म्हणाले.